लष्कराच्या भाकरी आणि आकाशातील हाक

वैशाखात आमच्या इस्लापुरी रात्री घरात झोप लागत नाही. जेवणे आटोपली, की लहानथोर सारी मंडळी अंथरुणे घेऊन गच्चीवर जातात. मुदखेडकडून आदिलाबादेकडे जाणाऱ्या गाडीची शीळ विरून गेली, की गाव निःशब्द होते. आणि त्या शांततेत कधी एखादे विमान तारकांमधून लुकलुकत निघून जाते. परवा अशाच एका विमानाकडे पाहत आमच्या पुतणीने विचारले, "काका, एवढ्या उंचावर त्या लोकांना काही झाले, तर त्यांची हाक ऐकणार कोण?"

आम्ही उत्तर देण्यापूर्वीच आमचे वडीलबंधू म्हणाले, "सरकारने त्याकरिता पगारी माणसे बसविली आहेत. तू झोप पाहू." हे उत्तर खोटे नव्हे, परंतु ते पुरतेही नव्हे. आणि दादांनी ते असे तोडून का टाकले, हे आम्हांस ठाऊक होते. त्यांचे चिरंजीव महाविद्यालयाच्या सुट्टीत घरी आले आहेत. त्यांनी गच्चीच्या एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत लांब तार ताणून तिच्या टोकास स्वहस्ते जुळविलेले ग्रहणयंत्र लावले आहे. वाळवणास तारेची अडचण होते, ही मातुश्रींची तक्रार. दादांची तक्रार मात्र तत्त्वाची आहे. ज्या उद्योगापासून परीक्षेत गुण नाहीत आणि पदरात पैसाही नाही, त्यास ते 'लष्कराच्या भाकरी भाजणे' म्हणतात. पुतणीचा प्रश्न आणि दादांचा आक्षेप ही एकाच विषयाची दोन टोके होत, असे आम्हांस वाटले. म्हणून या महिन्याचे सदर त्या विषयास देत आहोत.

ज्या छंदावरून हा वाद उत्पन्न झाला, त्यास हौशी बिनतारी किंवा सर्वपरिचित शब्दात 'हॅम रेडिओ' म्हणतात. शासनाची परीक्षा द्यावी, परवाना व खुणेचे नाव मिळवावे, आपल्या यंत्राने दूरदूरच्या समानशील माणसांशी बोलावे, आणि त्याबद्दल कोणाकडून कवडीही घेऊ नये, असे या छंदाचे स्वरूप आहे. आपल्या देशात त्याचा आरंभ १९२१ साली कलकत्त्यास अमरेंद्रचंद्र गुप्तू व मुकुल बोस यांनी केला. आता विमानविद्येसारख्या काटेकोर, खर्चिक व सर्वस्वी तज्ज्ञांच्या हाती असलेल्या शास्त्रास या बिनपगारी मंडळींचा उपयोग तो काय, असा प्रश्न कोणीही सुज्ञ वाचक करील. त्याचे उत्तर इतिहासातच आहे.

बिनतारी विद्येच्या बालपणी सर्वांची अशी समजूत होती, की लहर जितकी लांब तितका तिचा पल्ला अधिक. म्हणून १९१२ साली अमेरिकेत बिनतारीचा कायदा झाला, तेव्हा लांब लहरी आरमाराने, सरकारने व व्यापारी कंपन्यांनी घेतल्या. आणि २०० मीटर व त्याखालच्या ज्या आखूड लहरी निरुपयोगी समजल्या जात, त्या हौशी लोकांच्या पदरात टाकण्यात आल्या. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत काळी जमीन थोरल्यांनी घ्यावी व खडकाळ माळ धाकट्याच्या नावे करावा, त्यातलाच हा प्रकार होता. धाकट्याने कुरकुर केली. पण माळ सोडला नाही. तो खणीत राहिला, आणि त्यास तेथे अखंड पाणी लागले. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसन येथे ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचा लेऑन डेलॉय व अमेरिकेचा फ्रेड श्नेल या दोघा हौशी गृहस्थांनी सुमारे १०० मीटरांच्या लहरीवर अटलांटिक महासागरापलीकडे परस्परांशी संभाषण केले. पुढल्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, लंडनजवळच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने शाळेच्या यंत्रावरून थेट न्यूझीलंडमधील फ्रँक बेल यांच्याशी संधान बांधले. पृथ्वीच्या एका बाजूचे बोलणे दुसऱ्या बाजूस पोचले.

हे घडते कसे? जमिनीपासून सुमारे शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांच्या योगे वातावरणात विद्युद्भारित थर निर्माण होतात. मूल हातातील आरशाने उन्हाचा कवडसा माजघराच्या भिंतीवर पाडते, तद्वत् हे थर लघुलहरींस परत पृथ्वीकडे वळवितात. आणि अशा एकदोन उड्यांत त्या समुद्र ओलांडून जातात. आकाशातील या आरशाचा खरा उपयोग प्रथम हौशी मंडळींनी करून दाखविला, आणि मोठमोठ्या कंपन्या व सरकारे मागाहून त्या वाटेने आली.

विमानविद्येचा या शोधाशी फार निकटचा संबंध आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर टपालाचे विमान आणले, तेव्हा त्या विमानात बिनतारी यंत्रच नव्हते. वैमानिकाचे डोळे व नशीब हेच त्याचे सोबती. आज आमच्या गच्चीवरून जाणारा वैमानिक ज्या लहरींवर भूमीवरील नियंत्रकाशी बोलतो, त्या फार आखूड असून सरळ रेषेत जातात. दहाअकरा किलोमीटर उंचीवरील विमानापासून त्यांचा पल्ला सुमारे चारशे किलोमीटर भरतो. त्यापुढे पृथ्वीची गोलाई आड येते. देशावर ठिकठिकाणी केंद्रे असल्यामुळे तेवढे पुरते. परंतु विमान अरबी समुद्रावर दूर गेले, म्हणजे पाण्यात केंद्र कोणी उभारावे? तेथे मुंबईचे केंद्र आजही लघुलहरींवरच विमानांशी बोलते. उपग्रहामार्फत मजकूर पाठविण्याची सोय झाली आहे खरी. तथापि ती जुनी वाट मोडलेली नाही. ती वाट म्हणजे धाकट्या भावाच्या वाटणीचा तो खडकाळ माळच होय!

येथे दादा म्हणतील, "शोध लागला, उत्तम झाले, आता तज्ज्ञांनी तो चालवावा. पोराने तार कशास ताणावी?" त्यास उत्तर म्हणून आम्ही १९२८ सालची एक हकीगत सांगतो.

इटलीचे सेनापती उंबेर्तो नोबिले 'इटालिया' नावाचे वायुपोत घेऊन उत्तर ध्रुवावर गेले होते. २४ मे १९२८ रोजी ते ध्रुवावर पोचले, आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या प्रवासात त्यांचे वायुपोत बर्फावर आदळले. सोळांपैकी दहा माणसे बर्फावर फेकली गेली. त्यांतील एकजण तत्काळ मरण पावला. उरलेली सहा माणसे फुग्याबरोबर वाहून गेली. त्यांचा पत्ता कधीच लागला नाही. बर्फावर पडलेल्यांमध्ये ज्युसेप्पे बियाजी नावाचा बिनतारी चालक होता. त्याने सुदैवाने वाचलेल्या एका लहानशा लघुलहरी यंत्रावरून संकटसंदेश पाठविण्यास आरंभ केला. त्यांच्या मदतीचे जहाज तळावर होते, त्यावर मोठी यंत्रे व पगारी माणसे होती. परंतु एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. त्या जहाजास हाक ऐकू येईना.

ती ऐकू आली कोणाला? रशियातील वोझ्नेसेन्ये-वोख्मा नामक एका आडगावच्या निकोलाय श्मिट या हौशी तरुणाला! अपघातस्थळ त्याच्या गावापासून दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर होते. ३ जून १९२८ रोजी स्वहस्ते जुळविलेल्या ग्रहणयंत्रावर त्यास तुटक अक्षरे लागली. त्यांत 'इटालिया', 'नोबिले' आणि संकटाची खूण एवढे ओळखू आले. त्याने काय केले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ऐकले ते त्याने जसेच्या तसे टिपले, पदरची भर घातली नाही, आणि मॉस्को येथील बिनतारीप्रेमी मंडळास तारेने कळविले. तेथून ती वार्ता इटलीस गेली. ही माणसे जिवंत आहेत असे जगास समजले, आणि थोड्याच दिवसांत त्या जहाजाचाही त्यांच्याशी संबंध जुळला. जून अखेरीस एका स्वीडिश वैमानिकाने नोबिले यांस उचलून आणले. आणि १२ जुलै रोजी 'क्रासिन' या रशियन बर्फफोड्या जहाजाने तंबूत उरलेल्या पाच जणांस सोडविले.

ज्याच्यापाशी सर्व साधने होती, त्याने ऐकले नाही. आणि आडगावी बसलेल्या, ज्यास कोणी ऐकावयास सांगितले नव्हते, त्याने ऐकले. हा केवळ योगायोग आहे काय? अंशतः होय. परंतु पगारी मनुष्य ज्या वेळी व ज्या लहरीवर ऐकणे त्याचे काम असते, तेथेच बहुधा कान देतो; छंदिष्ट मनुष्य कारण नसताना सर्वत्र कान देत बसतो. योगायोगास गाठ पडण्यासाठी असा मनुष्य आधी तेथे बसलेला असावा लागतो. या श्मिटचा शेवट मात्र करुण झाला. महायुद्धाच्या संशयग्रस्त काळात, १९४२ साली, त्याच्याच राज्यकर्त्यांनी त्यास देहदंड दिला. आडगावी एकटा बसून दूरचे ऐकणारा मनुष्य सत्तेस नेहमीच संशयास्पद वाटत आला आहे. आपल्या देशातही १९३९ साली युद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द करण्यात आले होते.

आता तिसरी हकीगत अगदी नव्या युगातील आहे. १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतील हौशी मंडळींनी स्वतः जुळविलेला 'ऑस्कर' नावाचा लहानसा उपग्रह एका सरकारी अग्निबाणावर भरीच्या वजनाच्या जागी बसून अंतरिक्षात गेला, आणि तेथून मोर्सच्या लिपीत 'हाय' एवढाच शब्द पाठवीत राहिला. पाहणाऱ्यांस तो पोरखेळ वाटला असल्यास नवल नाही. त्याच मालिकेतील सहावा ऑस्कर १५ ऑक्टोबर १९७२ रोजी वर गेला. नेमके दुसऱ्याच दिवशी अलास्कात एक लहान विमान नाहीसे झाले. त्यात हेल बॉग्ज व निक बेगिच हे अमेरिकी लोकसभेचे दोन सभासद होते. ३९ दिवस शोध झाला. परंतु विमानही सापडले नाही, माणसेही नाहीत. त्यानंतर त्या देशात विमानांवर संकटदर्शक यंत्र बसविण्याची सक्ती आली. विमान आदळले, म्हणजे हे यंत्र आपोआप हाक मारू लागते.

पण पुन्हा आमच्या पुतणीचाच प्रश्न! हाक मारली, तरी ओसाड डोंगरात ती ऐकणार कोण? कॅनडातील शास्त्रज्ञांनी विचार केला, की उपग्रहाने ती ऐकावी. आणि कल्पना खरी आहे की नाही, हे पाहण्यासाठी १९७५ च्या सुमारास त्यांनी हौशी मंडळींच्या या सहाव्या ऑस्करचाच उपयोग केला. यातील युक्ती आमच्या इस्लापूरच्या स्टेशनावर कोणासही समजेल. गाडी आपल्याकडे येत असताना तिची शीळ चढी ऐकू येते, आणि ओलांडून जाताच स्वर उतरतो. उपग्रह संकटदर्शक यंत्रावरून जाताना त्या यंत्राचा स्वरही असाच चढतो व उतरतो. केव्हा व किती उतरला हे मोजले, की हाक कोठून आली ते गणिताने काढता येते. भूमीवरच्या क्षीण यंत्राची जागा अशी शोधता येते, हे त्या हौशी उपग्रहाने दाखवून दिले. पुढे अमेरिका, कॅनडा, फ्रान्स व रशिया या देशांनी मिळून 'कोस्पास-सारसॅट' ही व्यवस्था उभी केली. तिचा पहिला उपग्रह ३० जून १९८२ रोजी गेला, आणि सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कोसळलेल्या लहान विमानातील तिघे जण तिच्यामुळे वाचले. भारतही या व्यवस्थेत सामील असून बंगळूर व लखनौ येथे तिची ग्रहणकेंद्रे आहेत.

आपल्या देशातील या मंडळींचे काम कमी महत्त्वाचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादकडील गावे जमीनदोस्त झाली. तो दिवस मराठवाड्यात कोण विसरेल? त्या वेळी हौशी बिनतारीवाल्यांनी तेथे जाऊन निरोपांची ने-आण केली. २६ डिसेंबर २००४ रोजी समुद्राच्या प्रचंड लाटेने कार निकोबार येथील हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त केला. त्या वेळी भारती प्रसाद व त्यांचे सहकारी आपल्या छंदासाठी पोर्ट ब्लेअर येथे यंत्र मांडून बसले होते. दूरध्वनी बंद पडताच छंद बाजूस राहिला आणि बेटांवरील माणसांचे क्षेमकुशल कळविण्याचे काम सुरू झाले. एका गृहिणीने हे काम केले, याची आमच्या भगिनीवर्गाने अवश्य नोंद घ्यावी. ५ मे २००५ रोजी आपल्या अंतरिक्ष संस्थेने 'हॅमसॅट' हा उपग्रह केवळ हौशी मंडळींसाठी सोडला. विमान व बिनतारी या दोन्ही विद्या एकाच माणसाच्या ठायी असल्याचे उदाहरण हवे असल्यास ते कै. राजीव गांधी यांचे आहे. इंडियन एअरलाइन्सचे ते वैमानिक होते, आणि 'व्हीयू-२-आरजी' हे त्यांचे हौशी परवान्याचे नाव होते.

एवढे गुणगान केल्यावर दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. हौस आणि बेशिस्त यांत एका पावलाचे अंतर असते. विमानांसाठी राखलेल्या लहरींच्या पट्ट्यात हौशी माणसास बोलण्याची मुभा नाही, आणि नसावीच. तेथे सहज उच्चारलेला एक शब्दही उतरू पाहणाऱ्या वैमानिकाच्या सूचनेवर पडून अनर्थ करील. फेब्रुवारी २०२३ मधील गोष्ट पाहा. अमेरिकेतील एका हौशी मंडळाने सोडलेला, इवलेसे बिनतारी यंत्र वाहणारा फुगा पृथ्वीस प्रदक्षिणा घालीत असता अलास्काजवळ मुका झाला. त्याच सुमारास लढाऊ विमानाने कॅनडाच्या युकॉन प्रदेशावर एक अनोळखी वस्तू क्षेपणास्त्राने पाडली. ती वस्तू म्हणजे तो फुगाच असावा, असा पुष्कळांचा तर्क आहे; सरकारने तो कबूल केलेला नाही. हा तर्क खरा असेल, तर मुलांच्या खेळण्याएवढ्या वस्तूसाठी बहुमोल अस्त्र खर्ची पडले. आकाश आता पूर्वीसारखे मोकळे राहिलेले नाही. त्यात आपली वस्तू किंवा आपला आवाज धाडणाऱ्याने इतरांचा विचार आधी केला पाहिजे.

म्हणूनच परीक्षा व परवाना यांची आवश्यकता आहे. बारा वर्षांचे झाल्यावर मुलास अथवा मुलीस या परीक्षेस बसता येते. विजेची मूलतत्त्वे व नियम यांचे ज्ञान त्यात तपासले जाते. परवान्यावाचून एक अक्षरही प्रक्षेपित करू नये. वळवाचे ढग दिसू लागताच गच्चीवरील तार यंत्रापासून सोडवावी, कारण वीज हौशी व पगारी असा भेद करीत नाही. आणि कधी काळी कोणाची संकटाची हाक कानी पडलीच, तर श्मिटने केले तेच करावे: वेळ टिपावी, लहर टिपावी, शब्द जसेच्या तसे टिपावे, आणि विलंब न लावता योग्य अधिकाऱ्यास कळवावे. मध्येच बोलून आपले शौर्य दाखवू नये. ऐकण्याची व अचूक टिपण्याची ही सवय पुढे कोणत्याही व्यवसायात वाया जाणार नाही. न्यूझीलंडशी बोलणारा तो शाळकरी मुलगा गॉयडर पुढे १९३६ साली आपल्या ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला. आपल्या घरोघरी आकाशवाणी ऐकू येण्यात ज्यांचा वाटा आहे, त्यांत त्या शाळेतल्या यंत्राचाही थोडा वाटा आहे.

'लष्कराच्या भाकरी' या वाक्प्रचारात निंदा आहे, हे आम्ही जाणतो. परंतु लष्कर उपाशी असते तेव्हा त्या भाकरी कोणीतरी भाजून ठेवलेल्या असाव्या लागतात, आणि त्या भाजणारा उपयोगाचा हिशेब करीत बसला असता, तर त्या वेळेवर तयार झाल्या नसत्या. मुलाच्या प्रत्येक छंदास घरातील वडिलांनी मान डोलवावी, असे आमचे म्हणणे नाही. अभ्यास चुकविण्यासाठी काढलेली सबब आणि मन लावून केलेला उद्योग यांतील फरक ओळखण्यास वडीलधाऱ्यांची नजर हवीच. मात्र ती नजर पैसा व गुण या दोनच मापांनी पाहू लागली, तर आडगावचा श्मिट आपल्याच घरात असूनही आपणांस दिसणार नाही.

हा मजकूर आम्ही दादांना वाचून दाखविला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चिरंजिवास विचारले, "ती परीक्षा कोठे होते म्हणालास?" मातुश्रींनी मात्र निक्षून सांगितले आहे, की जगातील माणसे खुशाल वाचवावी, पण तार वाळवणाच्या वर पुरुषभर उंच बांधावी. तो प्रश्न अद्याप विचाराधीन आहे. काल रात्री पुन्हा एक विमान गेले. पुतणी झोपली होती. तिच्या दादाने कानास यंत्र लावलेले होते, आणि आम्ही त्यास झोपावयास सांगितले नाही.